वहीतला चष्मा

खोडायचं रबर पांढरं घ्यावं. गुलाबी रबर आधी कागद खातं, मग पेन्सिल.

छोट्या सभागृहात एकशे चाळीस खुर्च्या आहेत. त्यांतल्या नऊ करकरतात. कोणत्या, ते रखवालदाराला पाठ आहे.

साडेचार मिनिटं.

एक चष्मा. पेन्सिलीनं काढलेला, नखाएवढा, डावी काडी जरा वाकडी.

सहा वाजता गायकवृंदाची तालीम. सभागृह पावणेसहाला रिकामं हवं म्हणजे हवंच.

दोन माणसांच्या घरातून एक माणूस गेलं की दूध निम्मं लागत नाही. निम्म्याहून कमी लागतं. का, ते कळत नाही.

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे, आणि तो रविवारी दुपारी धाकटीच्या मांडीवर येऊन पडणार आहे.

*

धाकटी म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची बाई. ऑर्केस्ट्रात व्हिओला वाजवते. व्हिओला व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, आवाजानं खालचा, आणि लोकांना तो वाजत असल्याचं बहुधा तो थांबल्यावर कळतं. तिला धाकटी म्हणतात ते तिची थोरली बहीण, ताई, याच ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायची म्हणून. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच बसनं यायच्या, एकाच डब्यातून खायच्या. ताई जाऊन चौदा महिने झाले. नाव मात्र राहिलं. आता ती कुणापेक्षा धाकटी, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि ते एका परीनं बरंच झालं.

ऑर्केस्ट्राच्या हंगामात मोठ्या सभागृहातले कार्यक्रम बारा. त्यांच्यामध्ये पाचर मारल्यासारखे छोट्या सभागृहातले चार, फक्त चौकडीचे: दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. मोठ्या ऑर्केस्ट्रात व्हिओले दहा. त्यांतली एक धाकटी. ती आजारी पडली तर नऊ वाजतात आणि रसिक घरी जाऊन छान झालं म्हणतात. चौकडीत व्हिओला एकच. तिथं चार बार (बार म्हणजे तालाचा एक छोटा कप्पा) गेले की कुणीतरी मान वर करून तिच्याकडे बघतं, म्हणजे, चल, आता तू. सबंध आठवड्यात तिच्याकडे कुणी असं बघत असेल तर ते तिथंच. बाकी दिवस दूधवाला बघतो, तेही पिशवीकडे.

तर ही चौकडीतली खुर्ची. ती जाते की राहते, एवढीच ही गोष्ट आहे.

*

या हंगामात पहिला व्हायोलिनवाला नवा आला. वय एकतीस. हुशार, वेळेचा पक्का, कुणाला न दुखावता कापणारा. त्याला सगळे पहिला म्हणतात, हुद्दा म्हणूनही आणि परीक्षेतल्यासारखाही. तो धाकटीला रीतीप्रमाणे ताई म्हणतो. पहिल्या दिवशी त्यानं "ताई" अशी हाक मारली तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं होतं.

ताईच्या खुर्चीवर आता दुसरी बसते. दुसरी म्हणजे दुसरं व्हायोलिन. तिचं बाळ सात महिन्यांचं आहे, त्यामुळे विश्रांती, म्हणजे वहीतली गप्प राहायची जागा, आली की तिचे डोळे मिटतात आणि वाजवायची वेळ आली की उघडतात. हे कसं जमतं ते तिलाही सांगता येत नाही. जुन्यांपैकी उरले फक्त चेलोवाले काका. त्यांना सगळेच काका म्हणतात, त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान असलेली धाकटीसुद्धा.

"आपण चौघं लिफ्टमध्ये अडकलो ना," काका म्हणायचे, "तर पहिला व्यवस्थापनाला पत्र लिहील, दुसरी झोपेल, मी ओरडेन. आणि ही धाकटी आपली पाळी येईपर्यंत किती मजले विश्रांती ते मोजत बसेल."

"मोजायला कुणीतरी हवंच ना," धाकटी म्हणायची.

तालमीच्या पहिल्याच दिवशी पहिल्यानं सांगून टाकलं होतं, "हे तिसरं वादन झालं की आपण बसू या. पुढच्या हंगामाची चौकडी कशी असावी, ते ठरवायला. मी आधीच सांगतोय, म्हणजे नंतर पाठीमागून काही केलं असं वाटायला नको."

काका गजाला राळ घासत राहिले. दुसरीनं डोळे उघडले. धाकटीला कळलं की हे वाक्य चौघांना उद्देशून असलं तरी त्याची दिशा एकच आहे.

*

रचना जुनी होती, या चौकडीनं एकोणीस वर्षांत सहा वेळा वाजवलेली. धाकटीची लाडकी, कारण तिची सुरुवात व्हिओला करतो. एकटा. दोन बार. अशा रचना बोटांवर मोजण्याइतक्या.

पहिल्या भागाचा अर्धा टप्पा संपतो तिथं वहीत, म्हणजे प्रत्येकाच्या समोरच्या छापील स्वरलिपीत, दोन टिंबं आहेत. दोन टिंबं म्हणजे मागे जा, सगळं पुन्हा पहिल्यापासून वाजवा, आणि मगच पुढे. ही पुनरावृत्ती करायची की नाही, ते चौकडी आपापसात ठरवते. न करता पुढे गेलं तर लगेच एक अख्खा बार सगळे गप्प असतात. मग चौघं मिळून अगदी हळू आवाजात पुढचं सुरू करतात.

"पुनरावृत्ती नको," पहिला म्हणाला. "साडेचार मिनिटं जातात. सहाला गायकवृंद आहे, पावणेसहाला आपण बाहेर हवं."

"पूर्वी नेहमी मागे जायचो," काका म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

"पूर्वी गायकवृंद नव्हता. आणि अजून एक. वह्यांत जुन्या खुणा फार आहेत. त्या आणि माझ्या खुणा एकमेकींशी भांडतात. सगळ्यांनी एकदा रबर फिरवा. स्वच्छ कागदावर नव्यानं लिहू."

यात गैर काही नव्हतं. वह्या कुणाच्या मालकीच्या नसतात. ऑर्केस्ट्राच्या तळघरातल्या ग्रंथालयातून त्या येतात आणि तिथंच परत जातात. ग्रंथपाल बाईंचा नियमच आहे: खुर्ची सोडणाऱ्यानं वही खोडून द्यायची, रबराचा चुरा झटकून.

ती वही धाकटी घरी घेऊन आली. रबरही आणलं, पांढरं. टेबलाशी बसली. पहिलं पान.

तिच्या वहीत तिच्या स्वतःच्या खुणा फारशा नव्हत्याच. होत्या त्या ताईच्या. ताई शेजारी बसायची आणि विश्रांती मिळाली की हात लांब करून बहिणीच्या वहीत लिहायची. *हळू गं, गाडी सुटत नाहीये.* *इथे माझ्याकडे बघ.* *कोपर!* एका अवघड ओळीवर नुसतंच *ढ.* आणि दोन टिंबांपाशी तो चष्मा. वादक लोक अशी खूण करतात: चष्मा म्हणजे डोळे उघड, इथं चुकशील. ताईनं तो स्वतःचाच काढला होता, डाव्या काडीसकट, आणि त्याच्यापासून एक बाण मागे. मागे जा, बये.

त्या चष्म्यावरून धाकटीची चेष्टा इतकी झाली होती की सोय नाही. "हिला पुढचं दिसत नाही, म्हणून वहीलाच चष्मा लावून दिलाय," ताई नव्या माणसाला हमखास सांगायची. धाकटी हसायची.

रबर तिनं चष्म्याच्या वर धरलं. मग खाली ठेवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन चहा केला, एक कप, आणि भांड्यात थोडा उरला, रोज उरतो तसा.

शेवटी ताईच्या खणातून पिवळ्या चिकट कागदांचा गठ्ठा काढला. एक कागद घेऊन चष्म्यावर लावला, वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: *पुढे.* बाकी ओळींना हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्यानं विचारलं, "खोडलं सगळ्यांनी?"

"हो," काका म्हणाले. "हो," दुसरी म्हणाली.

धाकटीनं मान हलवली. ती मान कोणत्या दिशेनं हलली ते तिलाही नीट सांगता आलं नसतं, पण पहिल्यानं हो धरलं.

*

घरी सराव.

तिच्या बाहेरच्या खोलीत दोन स्टँड समोरासमोर आहेत. एक तिच्या उंचीचा, एक ताईच्या, चार बोटं बुटका. चार बोटं वर करायला अर्धं मिनिट लागेल, स्क्रू सैल आहे.

व्हिओलाची वही एकटीनं वाजवणं म्हणजे फोनवर बोलणाऱ्या माणसाची एकच बाजू ऐकणं. हं. हो ना. मग? बराच वेळ काही नाही. अगं बाई. पुन्हा काही नाही.

जिन्यात शेजारीण भेटली. "हल्ली सारखं थांबत थांबत वाजवता हो. बिघडलंय का काही?"

"नाही. मधलं दुसऱ्यांचं असतं."

"अस्सं," शेजारीण म्हणाली आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पूर्वी कसं सलग यायचं."

*

रविवार. दुपारचे चार.

एकशे चाळीसपैकी एकसष्ट खुर्च्या भरलेल्या. स्टँडवर छोटे दिवे लावलेले, पिवळे, तापणारे. धाकटीच्या वहीवरचा दिवा कागदाला जरा जास्तच चिकटून होता. तो वळवावा असं तिच्या मनात आलं, तोवर टाळ्या थांबल्या.

पहिल्यानं तिच्याकडे पाहिलं. चल, आता तू.

व्हिओला एकटा. दोन बार. चार सूर खालून वर, तीन वरून खाली, दार उघडून कुणी आहे का बघावं तसे. मग काका आले, खालून, आधार दिल्यासारखे. मग दुसरी. सगळ्यांत शेवटी पहिला, इतका अलगद की तो कधी आला ते कळू नये. आणि मग सगळं भरलं. धाकटीच्या उजव्या खांद्याला काकांच्या चेलोची थरथर लाकडी मंचातून येत होती. ही थरथर तिला फार आवडायची. घरात कुणी वावरत असलं की जमिनीला असते तशी.

पान उलटलं. सगळं ठीक चाललं होतं. चांगलंच चाललं होतं, खरं तर. दुसरी आज पूर्ण जागी होती. पहिल्याच्या कपाळावर ती नेहमीची उभी रेघ नव्हती. धाकटीला एकदा वाटून गेलं की खुर्ची राहते.

शेवटून तिसऱ्या ओळीवर तापलेल्या दिव्याखाली पिवळ्या कागदाचं एक टोक सुटलं.

शेवटून दुसऱ्या ओळीवर तो एका कडेवर लोंबला.

शेवटच्या सुरावर तो पडला. तिच्या मांडीवर, उलटा. आणि वहीतून तिच्याकडे ताईच्या चष्म्यानं पाहिलं.

(एक बार. सगळे गप्प.)

या गप्प बारात व्हिओला वाजू लागला.

एकटा. दोन बार. चार सूर खालून वर. चौथ्या सुराला तिला कळलं की आपल्यासोबत मागे कुणी आलेलं नाही. तिघांचे गज हवेत होते, पुढच्या गोष्टीसाठी उचललेले. हात थांबवावा तर सगळ्या सभागृहाला कळणार. न थांबवावा तर जायचं कुठं. तीन सूर वरून खाली, दार उघडून कुणी आहे का बघावं तसे, आणि आतापर्यंत आयुष्यात ते इतके एकटे कधी वाजले नव्हते. ताई असताना ते दोन बार एकटे कधी नव्हतेच. ताई शेजारी दम धरून बसलेली असायची. मांडीवर कागद होता. पाचव्या रांगेत एक खुर्ची करकरली.

मग खालून काका आले. मान वर न करता, डोळे मिटून, जणू दुसरं काही ठरलंच नव्हतं. दुसरीनं पुढचं पान उलटून ठेवलं होतं. तिनं डाव्या हातानं ते मागे लोटलं. त्याचा फडफडाट एकसष्ट माणसांनी ऐकला. ती अर्धा बार उशिरा आली. तिच्या त्या रिकाम्या अर्ध्या बारात पहिला शिरला, दुसरीचे सूर स्वतःच वाजवले, आणि ती आल्यावर ते तिच्या हाती देऊन आपल्या जागी गेला. हे सगळं करताना तो धाकटीकडे बघत होता. सबंध वेळ. रागानं नव्हे. रस्ता ओलांडताना अनोळखी म्हाताऱ्या माणसाचा हात धरावा लागला की बघतात, तसं.

सगळे मागे आले होते. तिच्यामागे.

साडेचार मिनिटांनी पुन्हा दोन टिंबं आली. चष्मा आता उघडाच होता.

(एक बार. सगळे गप्प.)

या वेळी ती गप्प राहिली.

*

पाच वाजून पन्नास मिनिटं. मंचामागची खोली. दाराबाहेर गायकवृंदाची माणसं खुर्च्या ओढत होती आणि रखवालदार मुद्दाम किल्ल्या वाजवत होता.

दुसरी पेटी बंद करून फोनवर बोलत बाहेर पडली, "हो, आलेच, त्याला झोपवू नका." जाता जाता तिनं धाकटीच्या दंडाला हात लावला.

काका चेलोला गवसणी घालत होते. "मला वाटलंच होतं," ते धाकटीला हळूच म्हणाले, "तुझ्या हातून रबर फिरायचं नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? माझ्याही वहीत एक ओळ ठेवलीये मी. तिच्या हातची." त्यांनी पट्टा खांद्यावर घेतला. "पण माझी दिव्याखाली नव्हती. जातो. बस चुकेल."

उरला पहिला. त्यानं खुर्ची ओढून घेतली.

"ताई, जरा बसता?"

ती बसली. मांडीवरचा पिवळा कागद अजून तिच्या मुठीत होता.

"कुणाच्या लक्षात आलं नाही," तो म्हणाला. "बाहेर एक आजोबा मला म्हणाले, ती सुरुवात दुसऱ्यांदा जास्त भिडली."

"माफ करा."

"चुकीबद्दल नकोच. मागच्या वर्षी एवढ्या मोठ्या सभागृहात मी एक अख्खा बार आधी सुरू केला होता, भर शांततेत. चुका होतात." त्यानं तिच्या मुठीकडे बोट केलं. "कागद पडताना मी पाहिला, ताई. मी खोडा म्हटलं होतं. तुम्ही झाकलं. आणि मी विचारल्यावर मान हलवलीत."

किल्ल्या दारापर्यंत आल्या आणि परत गेल्या.

"कुणाचं अक्षर आहे ते?"

"माझ्या बहिणीचं."

"मला माहीत नव्हतं." त्यानं हाताच्या पंजाकडे पाहिलं. "कुणी सांगितलं नाही मला."

"सांगण्यासारखं काय आहे त्यात?"

"आहे की." त्यानं खुर्ची जरा पुढे ओढली. "मला व्हिओला बदलायचा नाही. परवापर्यंत बदलायचा होता, खोटं नाही सांगत. आज आम्ही तिघं तुमच्यामागे आलो, ते यावंसं वाटलं म्हणून. पण पुढच्या वेळी समोर स्वच्छ वही हवी. ती नको असेल तर मला दुसरं माणूस शोधावं लागेल. मंगळवारी दहाला तालीम आहे."

धाकटीनं विचारलं, "ती वही मी विकत घेतली तर? नवी आणून दिली तर ग्रंथालयाला?"

"छपाई बंद झालीये तिची. मीही विचारून आलोय एकदा. माझ्या वहीत माझ्या आधीच्या माणसाचे वेलबुट्टे होते, मला तरी कुठं खोडवत होते?" तो पहिल्यांदाच हसला. "पण खोडले."

*

सोमवारी सकाळी ती तळघरात उतरली. ग्रंथपाल बाईंनी टेबलावरची जागा करून दिली, दिवा वळवला, रबर पुढं केलं.

"म्हणजे सोडताय की काय?"

"नाही. राहतेय."

"मग ठीक," बाई म्हणाल्या. "तसं राहिलात तरी रबर आणि गेलात तरी रबर. निदान राहिल्याचं बरं."

ती खोडत गेली. *कोपर!* गेलं. *इथे माझ्याकडे बघ* जायला वेळ लागला, ताई दाबून लिहायची. *हळू गं, गाडी सुटत नाहीये.* *ढ* खोडताना तिला हसू आलं आणि बाईंनी वर पाहिलं. चुरा ती तळहातावर गोळा करत होती. करडा, मऊ, कशाचाही वास नसलेला. एकोणीस वर्षांचा मिळून चमचाभर झाला असेल.

चष्मा शेवटी राहिला. बाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या वाकून बघू लागल्या.

"हा तो प्रसिद्ध चष्मा? ताई सांगायच्या मला. म्हणायच्या, आमची धाकटी मागे जायचं विसरते, सरळ पुढेच पळते, म्हणून हा काढावा लागला. खरंच विसरायचात?"

"हो," धाकटी म्हणाली. "विसरायचे मी."

आणि तिनं रबर फिरवलं. डावी काडी आधी. कागदात एक बारीक खाच राहिली, दिवा तिरका धरला तर दिसेल अशी. बाईंनी दिवा सरळ केला.

मंगळवारी दहाला चार बार झाल्यावर पहिल्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि ती वेळेवर आली.

एकोणीस वर्षांपूर्वी, या रचनेच्या पहिल्या तालमीत, दोन टिंबांपाशी मागे न जाता पुढे गेली होती ती ताई.